भाताच्या गोळ्याचा अर्थ

इचलकरंजीच्या अ‍ॅनिमे मंडळात एका भाताच्या गोळ्यावरून उभी फूट पडली होती. झालं असं, की मंडळाच्या लाडक्या जपानी कार्टून मालिकेत भागामागून भाग राक्षस कापत सुटलेला नायक शेवटच्या भागात बाकावर बसून मुकाट्याने भाताचा गोळा खातो आणि मालिका संपते. कोणी म्हणे, तो मेलाय. कोणी म्हणे, गोळा म्हणजे पृथ्वी. या वादापायी एकाची ठरलेली सोयरीकसुद्धा मोडली.

अखेर मंडळाचे अध्यक्ष गुळवणी सर सभेत उभे राहिले आणि तासभर बोलून त्यांनी फर्मान काढलं, "गोळा म्हणजे शून्य! ज्याला पटत नसेल, त्याने मंडळ सोडावं."

शाल्मली हुपरीकर हात वर करून उठली. "सर, मला वाटतं, त्याला भूक लागली होती."

सभेत हशा पिकला. सरांनी कीव आल्यासारखे डोळे मिटले. "अगं, नायक गप्प का बसला? ज्याला अर्थ उमगतो, त्याची वाचाच बंद होते. बोलतो तो अडाणी!"

"नक्की ना, सर?"

"त्रिवार नक्की!"

"मग माझा ठराव लिहून घ्या," शाल्मली चिटणिसांना म्हणाली. "नायकाला भूक लागली होती. ज्याला शेवट कळलेला नाही, त्याने खुशाल बोलून हरकत घ्यावी."

सरांनी तोंड उघडलं, सभेकडे पाहिलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. कान लालबुंद झाले, पण शब्द काही फुटेना.

ठराव एकमताने मंजूर झाला. मग चहा आला. त्यात साखरच नव्हती, पण सरांना तेही सांगता येईना.