पाखरांच्या पटाचे खर्डे

खर्डा म्हणजे कोणत्याही कृतीचे पहिले, कच्चे, खाडाखोडीने भरलेले रूप. पक्की प्रत सिद्ध झाली की खर्डा अडगळीत जातो. शब्द लेखनातला, या कथेत मात्र तो कापडावर उतरला आहे.

फार प्राचीन काळी एका राज्यात खेळांचे पट रंगवणारी एक स्त्री राहत असे. खेळ कल्पावा तिने, नियम बांधावेत तिने, रंगही भरावेत तिनेच. सात वर्षे खपून तिने पाखरांचा पट सिद्ध केला. सोंगट्यांच्या जागी त्यात पाखरे होती. समुद्रावरून निघून ती हिमशिखराकडे जात, आणि शेवटचे पाखरू पोचेपर्यंत कोणीच जिंकत नसे.

एकदा जत्रेत राजाच्या पटशाळेचा अधिपती तिच्यासमोर बसला, तीन डाव खेळला आणि तोंडभर स्तुती करून गेला. दोन महिन्यांत त्याच्या चाळीस कारागिरांनी तोच पट सोन्याच्या तारेने विणला. एवढ्यावर न थांबता त्याने चोरीचा आळ तिच्यावरच घेतला.

राजाने दोघांना बोलावले. "ज्याने चोरी केली असेल, त्याने जन्मात पुन्हा पट करायचा नाही."

थंडीचे दिवस होते. ती जुनी गोधडी पांघरून दरबारात आली.

"बाई, न्याय मागायला आलीस की निजायला?" द्वारपालाने विचारले.

"ते तुमच्या न्यायाला किती वेळ लागतो त्यावर आहे, दादा."

दोन्ही पट शेजारी मांडले गेले. एक झळाळत होता, एक साधा. घरे मात्र तीच. राजाने मधल्या तीन रिकाम्या घरांवर बोट ठेवले. "इथे काहीच घडत नाही. मग ही घरे कशाला?"

"शोभेसाठी, महाराज," अधिपती म्हणाला. "अवघा पट मला स्वप्नात दिसला. दिसला तसा विणवला."

"मला तो चुकत चुकत सापडला," ती म्हणाली. "तिथे आधी वादळ होते. मागची पाखरे त्यात कायमची अडकत. म्हणून वादळ गाळले आणि मागच्यांना गाठता यावे म्हणून घरे मोकळी ठेवली."

"वादळ!" अधिपती हसला. "दाखव की मग."

गाळलेले वादळ दाखवायचे कसे? सात वर्षे डोळ्यांपुढून सरकली. तेवढ्यात तिचा हात खांद्यावरच्या गोधडीला लागला आणि तिथेच थांबला.

"कात्री आहे का कोणाकडे?"

तिने गोधडी उसवली. एकेक थर सुटत गेला आणि दरबाराच्या फरशीवर पसरत गेला. अकरा थर, अकरा फसलेले पट. सर्वांत आतल्या थरावर कोळशाने काढलेले एकच एकाकी पाखरू. पुढच्यावर पाच. मग समुद्र आला, मग शिखर; सातव्या थरावर तीन घरे काळ्याकभिन्न वादळाने भरलेली. बीजापासून वृक्ष व्हावा तसा खेळ सर्वांच्या देखत वाढत गेला. राजा सिंहासनावरून उतरला, त्याने जोडे काढले, आणि देवळात चालावे तसा तो त्या चिंध्यांच्या कडेकडेने अनवाणी चालला.

आठव्या थरापाशी तो थबकला. "ही पाखरे निराळ्या हाताची दिसतात."

"पाहिलेत, महाराज?" अधिपती ओरडला. "चोर हीच!"

आपलीच म्हटले असते, तर कोण ओळखणार होते?

"खरे आहे," ती म्हणाली. "माझी पाखरे उडतच नव्हती. ही आमच्या गावच्या कुंभारणीने रेखून दिली, आनंदाने दिली. पटावर तिचे नाव घालायचे मात्र मी विसरले. ते माझे चुकले."

राजाने वाकून त्या पंखांवरून बोट फिरवले. "मग ते नाव आज, इथेच घाल. पट तुझा आहे."

अधिपतीने पुन्हा कधी पट केला नाही. सोनेरी पटावरची पाखरे उसवली गेली. सोने तेवढे उरले, आणि ते कोणी खेळायला मांडले नाही. त्या राज्यात पटाच्या काठावर प्रत्येक हाताचे नाव घालण्याची रीत तेव्हापासून पडली.

बोध असा: घडवणाऱ्याने आपले खर्डे जपावेत, आणि त्यांत दुसऱ्याचा हात असेल तर तो आपण होऊन दाखवावा.

ही कथा सांगताना लोक म्हणतात, त्या स्त्रीने पुढचे संकट ओळखून खर्डे राखून ठेवले होते. ते चूक आहे. तिला थंडी वाजत होती, म्हणून तिने गोधडी शिवली होती.