एकाच मेंढ्याचा कळप

एका माळरानावर धुळा नावाचा एक धनगर होता. त्याच्या कळपात नाना तऱ्हेची मेंढरं होती. कुणी बुटकं, कुणी लांब पायांचं, कुणी अंगानं भरलेलं, कुणी नुसतं हाडकुळं. त्याची बायको ठकू हिनं माहेरून आणलेली एक काळी मेंढीही त्यातच होती. तिचा एक कान पांढरा होता. ती कधी अंगानं भरली नाही, पण दिवसभर चालली तरी दमायची नाही.

कळपात एक बुटका, रुंद पाठीचा मेंढा होता. बाजारातल्या खाटकानं एकदा त्याच्या कोकराची मांडी चाचपली आणि म्हणाला, "धुळाबा, ह्येचं मटण लोण्यावानी. बाकीची समदी चिवट."

झालं! धुळा हवेत गेला. त्यानं बाकीचे मेंढे विकले, लांब पायांच्या मेंढ्याही काढून टाकल्या. ठकूची काळी त्यानं मिळेल त्या भावात सुबानाला दिली. सुबाना हा शेजारचा धनगर. ठकूनं त्या दिवशी भाकरीला हात लावला नाही.

धनगरांची एक रीत होती. दसऱ्याला ते आपापसांत मेंढे बदलून घेत, म्हणजे मेंढ्याची गाठ त्याच्याच लेकींशी पडत नसे. सुबाना आपला लांबट मेंढा घेऊन आला, तेव्हा धुळा हसला. "हिरा दिऊन धोंडा घिऊ व्हय?"

"अवं, रीत काय उगंच पडलीया?" ठकू म्हणाली.

धुळानं ऐकलं नाही. वाहवा कानात शिरली की दुसरं काही शिरत नाही. पुढच्या दसऱ्यालाही त्यानं मेंढा बदलला नाही, आणि त्याच्या पुढच्याही. सगळा कळप एका साच्यातला झाला. कोकरं दरसाल अशक्त निपजू लागली, पण धुळानं तिकडे कानाडोळा केला.

मग एक वर्ष पाऊस रुसला. माळ करपला. पाणी उरलं ते घाटापलीकडे, म्हणून सगळे कळप तिकडे निघाले. पहिल्याच चढाला धुळाची मेंढरं धापा टाकू लागली. जड अंग, आखूड पाय. एक बसलं, तसं दुसरं बसलं. ऊन चढत गेलं आणि एकेक मान टाकू लागलं. धुळानं हाका मारल्या, शिव्या दिल्या, शेवटी पाया पडला. कुणी उठलं नाही.

पायथ्याच्या गावच्या बाजारातून धुळानं त्याच खाटकाला बोलावलं. त्यानं वाकून पाहिलं आणि मान हलवली. "मेलेल्या जित्राबाला कोण हात लावतंय, धुळाबा?"

तेवढ्यात मागून सुबानाचा कळप आला आणि चढ चढू लागला. त्यात पांढऱ्या कानाची एक म्हातारी काळी मेंढी होती, मागे तिच्या लेकी होत्या.

"काळे!" ठकूनं हाक मारली.

मेंढी थांबली. तिनं वळून पाहिलं आणि पुन्हा कळपाबरोबर चालू लागली. ठकूला दुसरी हाक मारवली नाही.

"चल, धुळाबा," सुबाना म्हणाला. "हितं बसून काय करशील?"

धुळा काठी घेऊन उठला आणि तिथंच उभा राहिला. "चलतो रं," तो म्हणाला. "पर कुणाच्या मागनं चालू?"

तात्पर्य: पडत्या काळात कोणता गुण तारून नेईल, हे आधी कुणालाच कळत नाही; म्हणून बाजारात एका गुणाला भाव आला, तरी बाकीचे घराबाहेर काढू नयेत.