गोजराबाईची खुडूक कोंबडी

एकदा काय झालं, एका राजाला अंडी खायचा नाद लागला. सकाळी चार, दुपारी चार, रात्री चार. आता कोंबडी खुडूक झाली, म्हणजे उबवायला बसली, की अंडी द्यायची थांबते, बरं का. राजाला ते खपेना. त्याने हुकूम काढला, राज्यात एकही कोंबडी खुडूक बसता कामा नये! मग कोतवालाची माणसं घरोघर शिरू लागली. खुडूक कोंबडी दिसली की तिला पाण्यात बुचकळायची, तिच्या नाकपुडीत पीस ओवायची. मग पिल्लं येणार कुठून, हे विचारायची एकाचीही छाती झाली नाही.

तीन वर्षं गेली. कोंबड्या म्हाताऱ्या झाल्या, अंडी आटत चालली. मग राजा घाबरला. उरलेली शंभर अंडी त्याने गरम तुसात पुरली. एकविसाव्या दिवशी शंभर पिल्लं बाहेर आली. पण ती खाईनात, पिईनात. नुसती चिवचिव. राजाने त्यांना रेशमी गादी दिली, तरी काकडतच राहिली. मग समया लावल्या, तर धापा टाकू लागली. मग वैद्याने मधाचं चाटण दिलं. त्याने चोचीच चिकटल्या!

ती चिवचिव गावाच्या टोकाला राहणाऱ्या गोजराबाई नावाच्या म्हातारीने ऐकली. तिच्या चुलीमागे, डालग्याखाली, म्हणजे कोंबड्या झाकायच्या टोपलीखाली, कवडी नावाची कोंबडी लपवलेली होती. खुडूक! अंडी नव्हती म्हणून बिचारी गोट्यांवर बसली होती. सांगावं तर कवडी जाणार, आपणही जाणार. न सांगावं तर पिल्लं जाणार. चिवचिव बारीक होत चालली. मग गोजराबाईने कवडीला गोट्यांसकट डालग्यात घातलं आणि डालगं राजाच्या अंगणात नेऊन ठेवलं.

"म्हातारे, हुकूम मोडलास?" कोतवाल गरजला.

"मोडला. शिक्षा उद्या दे. आत्ता पिल्लं दे. पण थांब, दिवस बुडू दे. उजेडात परकं पिल्लू दिसलं तर कोंबडी टोचते."

"आम्हाला शिकवतेस?" म्हणत कोतवालाने एक पिल्लू कवडीपुढे टाकलं. कवडीने खाडकन चोच मारली. पिल्लाच्या डोक्यातून रक्त आलं.

मग वाट बघणं आलं. दिवस काही बुडेना. एका पिल्लाने मान टाकली. मग दुसऱ्याने. मग तिसऱ्याने. गोजराबाईने त्यांना पदरात घेतलं. कवडी आई व्हायचंच विसरली असेल तर?

अखेर अंधारलं. गोजराबाईने गोटे काढले आणि मागच्या बाजूने, हळूच, ते जखमी पिल्लू कवडीच्या पोटाखाली सरकवलं. कवडीची मान ताठ झाली. मग कवडी घशातल्या घशात कुर्र करून बोलली आणि तिने पंख सैल सोडला.

मग दुसरं, मग दहावं, मग पन्नासावं. आणि काय सांगू, कवडीचे पंख वाढतच गेले! सुपाएवढे झाले, खाटेएवढे झाले, अंगणाएवढे झाले. पदरातली तिघंही आत गेली. मग चिवचिव थांबली. पार थांबली.

"मेली की काय?" राजाने पंख उचलायला हात पुढे केला.

"हात लावू नका!" गोजराबाई म्हणाली.

"अगं, मी राजा आहे!"

"तिला काय त्याचं?"

राजा मुकाट्याने बसला. गोजराबाईही बसली. कुणाचा डोळा लागला नाही.

उजाडलं. कवडीने पंख मिटले, होती तेवढी झाली आणि उठली. खालून पिल्लं निघाली. शंभरच्या शंभर! कवडीने माती उकरली, क्लुक क्लुक केलं, एक कणी चोचीने उचलून खाली टाकली. जखमी पिल्लाने ती टिपली. मग सगळ्यांनी टिपायला सुरुवात केली. गोजराबाईला रडूच फुटलं.

"महाराज, हिची शिक्षा?" कोतवालाने विचारलं.

"हुकूम माझा होता," राजा म्हणाला. "चुकला." त्याने तिथेच तो फाडला आणि खुडूक कोंबडीला कुणी त्रास देऊ नये, अशी दवंडी पिटवली. मग कवडी, पिल्लं, गोजराबाई, सगळी सुखात राहिली.

चला, पाय गोधडीत घ्या. आता चिवचिव बंद. डोळे मिटा बघू.