अंधारातला मुलामा

त्या राज्याला आपोआप जाग येत नसे. सूर्य बुडाला की वेशीच्या आतली सगळी प्रजा, महाराजांपासून कालच्या पिल्लापर्यंत, एकदम झोपी जाई आणि हाक येईपर्यंत उठत नसे. हाक मारण्याचा अधिकार एकालाच होता. वेशीच्या बोगद्यात हैबती नावाचा म्हातारा खवल्या मांजर राहत असे. पहाटेचं दव पाठीवर पडलं की तो एकटाच हाकेविना जागा होई. बोगद्यात कायम काळोख असे. भिंतीतल्या पाच कोनाड्यांत मातीचे पाच ओबडधोबड चेहरे ठेवलेले होते. हैबती पहिला चेहरा बोटांनी चाचपी, ओळख पटली की टिटवीचं नाव घेई, आणि टिटवी उठल्यावरच दुसऱ्या चेहऱ्याकडे वळे. टिटवीमागून पाणक्या, मग स्वैपाकी, मग वैद्य, शेवटी महाराज. त्यांच्यामागून बाकीचं राज्य उठे. एखाद्या दिवशी हाकेविना सूर्य मावळला, तर ती झोप इतकी खोल जाई की मग नाव घेऊनही उपयोग नसे.

भागूबाई साळिंदरीचं बीळ वेशीबाहेर होतं, त्यामुळे ही झोप तिच्यापर्यंत पोचत नसे. दरवर्षी त्या पाच चेहऱ्यांचे साचे काढून आपल्या कोठारात ठेवणं हे तिचं काम. तीन वर्षांपूर्वी ते बंद झालं. जुन्या मातीवर राज्याचा वेळ दवडू नये, असा हुकूम शोभामंत्री रंगोजी सरड्यानं काढला होता. साचे फेकून देण्याचाही हुकूम होता. भागूबाईनं तो नीट ऐकून घेतला आणि साचे होते तिथेच ठेवले.

रंगोजीला स्वतःचा रंग नव्हता. ज्या फांदीवर बसे तिचा रंग तो अंगावर घेई आणि तेच आपलं मत म्हणून दरबारात मांडी. धनेश महाराजांना हे फार आवडे, कारण तो बहुतेक वेळ त्यांच्याच फांदीवर बसलेला असे. त्यानं कारंज्यांना झालरी लावल्या, वारुळांवर कळस बसवले. राज्यात रंगवण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा त्याला बोगद्याची आठवण झाली.

त्याच सुमारास परमुलखातून एक मैना गाठोडं घेऊन आली. गाठोड्यात सोनेरी मुलाम्याचे पाच तयार चेहरे होते. नाकं सरळ, डोळे मोठे, ओठांवर एकसारखं हसू.

"कुठल्याही राज्यात बसतात," मैना म्हणाली.

हे चेहरे कोणाचे, असं रंगोजीनं विचारलं नाही. चकाकी किती वर्षं टिकेल, एवढं मात्र दोनदा विचारलं.

दुपारी हैबती जेवायला गेला असताना रंगोजीनं मातीचे चेहरे उचकटून काढले आणि कुटून त्यांची भुकटी बोगद्यापुढच्या अंगणात पसरली. भागूबाई तेव्हा लेकीकडे निघाली होती. तिच्या गोदीला आठच दिवसांपूर्वी पिल्लू झालं होतं. ती बोगद्याशी थांबली.

"हैबतीला विचारलंत?"

"त्याला काय दिसतंय, भागूबाई?"

"म्हणूनच विचारते."

रंगोजी हसला. अडाण्यांशी बोलताना हसायचं, हे तो दरबारात शिकला होता.

त्या संध्याकाळी तो वेशीबाहेरच्या भिंतीवर झोपला. सकाळी लोक थक्क होऊन बाहेर येतील तेव्हा समोर आपण असावं, असा त्याचा बेत होता. उजाडलं, उन्हं भिंतीवर चढली, तरी बाहेर कोणी आलं नाही. बोगद्यातून फक्त हैबतीचा आवाज येत होता.

"ओळख पटत नाही. पुन्हा बघतो."

थोड्या वेळानं परत तेच. भागूबाई धावत आली. हैबतीची बोटं सोन्याच्या गुळगुळीत गालावरून घसरत होती आणि पुन्हा कपाळापासून सुरुवात करत होती.

"अरे, ही टिटवीच आहे!" रंगोजी ओरडला. "मी सांगतोय ना!"

"तुमचं सांगणं ऐकलं, साहेब. पण ओळख पटत नाही. पुन्हा बघतो."

भागूबाई वेस ओलांडून लेकीच्या बिळात शिरली. गोदी कुशीवर निजलेली होती. पिल्लाचं तोंड तिच्या पोटाशी होतं, पण ते दूध ओढत नव्हतं. भागूबाईनं लेकीच्या कानाशी तोंड नेऊन हाका मारल्या, खांदा हलवला, शेवटी रडलीसुद्धा. गोदीचा श्वास तेवढा संथपणे चालू होता.

ती परतली तेव्हा रंगोजी सोनेरी चेहऱ्याला तेल चोळत होता. चकाकी कमी पडली असावी, असा त्याचा अंदाज होता. ती मैना कुठे आहे, असं भागूबाईनं विचारलं. मैना पहाटेच्या आधीच पुढच्या राज्याला निघून गेली होती.

"जुने चेहरे?"

रंगोजीनं अंगणाकडे बोट दाखवलं. भुकटी वाऱ्यानं बरीच उडाली होती.

भागूबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो क्षणभर कुठला रंग घ्यावा हे विसरला. मग ती कोठारातून साचे घेऊन आली.

"ओढ्यावरची चिकणमाती आणा. काळी नको, पिवळी. खडे काढून आणा."

"मी?"

"आज दुसरं कोण जागं आहे?"

शोभामंत्र्यानं माती वाहिली. प्रत्येक खेपेला तो हात झटकत होता आणि हे कोणी पाहत नाही ना, म्हणून मागं बघत होता; सारं राज्य झोपलेलं असताना. भागूबाईनं साच्यांत माती दाबली, चेहरे काढून तापल्या दगडावर वाळत ठेवले. रंगोजी वाकून म्हणाला, "आता करतोच आहोत, तर नाकं जरा सरळ केली तर?" तिनं पाठीवरचे काटे उभे केले. तो दोन पावलं मागं झाला.

दुपार कलताना पहिला चेहरा कोनाड्यात गेला. हैबतीची बोटं फिरली, थांबली. "टिटवी!" आणि वर आभाळात टिटवी ओरडत उठली.

दुसऱ्या चेहऱ्यावर हैबती जरा रेंगाळला. "तुळाजी!" त्यानं हाक मारली. कोणी उठलं नाही. "तुळाजी!"

भागूबाईच्या ध्यानात आलं. तुळाजी बेडूक, जुना पाणक्या, दोन वर्षांपूर्वी वारला होता. पाटाची फळी आता त्याची मुलगी सगुणा उचलत असे. बोगद्यात तिचा चेहरा बसला होता, पण साचे काढणं बंद झाल्यामुळे त्याचा साचाच निघाला नव्हता.

"पाहिलंत? साचे सदोष आहेत," रंगोजी म्हणाला. त्याच्या आवाजात समाधान होतं.

उन्हं तांबडी होऊ लागली होती. भागूबाईनं तो चेहरा खाली घेतला, ओल्या मातीचा हात दिला. सगुणाचं तोंड बापासारखंच, पण हनुवटी रुंद. ती तिनं रुंद केली. डोळे मिटून आणखी आठवलं. डाव्या भुवईच्या वर फळी लागून पडलेली खोक. अंगठ्याच्या नखानं तिनं तेवढीच खूण केली आणि ओलाच चेहरा कोनाड्यात ठेवला.

हैबतीची बोटं हनुवटीवरून वर चढली. भुवईशी थबकली, त्या खोकेत टेकली.

"सगुणा!"

पाटाला पाणी सुटल्याचा आवाज आला. पुढचे तीन चेहरे भराभर ओळखले गेले. सूर्याची कड डोंगराला लागण्याआधी बिळाबिळांतून कुजबुज सुरू झाली, आणि त्यातून एका पिल्लाचं भुकेलं केकाटणं भागूबाईनं बरोबर ओळखलं. ती तिथेच मातीत बसली. 

धनेश महाराज चोचीवरची आपली पोकळ शिंगटी सावरत बाहेर आले. "आज उजेड थोडा वेगळा वाटतोय," ते म्हणाले.

रंगोजी पुढं सरला. दिवसभर माती वाहून त्याचं अंग आता अगदी चिकणमातीच्या रंगाचं झालं होतं. "महाराज," तो लवून म्हणाला, "आज आपण मुळाकडे परतलो. साधेपणासारखी शोभा नाही." महाराजांना वाक्य आवडलं. त्यांनी त्याचे मातकट हात सगळ्यांना दाखवले आणि प्रजेनं उरलेल्या उजेडात घाईघाईनं टाळ्या वाजवल्या. झोप लागण्याआधी दरबारानं एक नवं पद निर्माण केलं होतं. मूळरूपरक्षक. ते रंगोजीला मिळालं आणि भागूबाईचं कोठार त्या पदाच्या ताब्यात आलं.

दुसऱ्या दिवशी भागूबाई कोठारात सगुणाच्या चेहऱ्याचा साचा काढत बसली होती. बाहेरून दारावर काहीतरी घासल्याचा आवाज येऊ लागला. वरून खाली, वरून खाली. कुंचला होता. कोणीतरी रंगोजीला विचारत होतं की कोठाराचं दार सोनेरी केल्यावर आतही हात फिरवायचा का. "अर्थात," रंगोजी म्हणत होता, "आत तर फारच कळकट आहे."

 भागूबाईनं सगळे साचे पदरात बांधले. मागच्या बिळातून ती बाहेर पडली, तेव्हा दाराच्या फटीतून सोनेरी रंगाचा पहिला ओघळ आत उतरून साच्यांच्या रिकाम्या फळीकडे निघाला होता.