उबवणीची जागा

त्या राज्यात एका कामाला एकच पक्षी असे, आणि जागेवरून उठला की त्याचे काम गेले, असा रिवाज होता.

राणी लांडोरीची अंडी उबवायची मानाची जागा रेवडी कोंबडीला मिळाली. दाणापाणी उत्तम होते. पण रेवडीची स्वतःची पिल्ले दिवसभर उकिरड्यावर एकटी हिंडत आणि वर घारी फिरत. उठावे तर अंडी गार पडणार, बसावे तर एखादे पिल्लू उचलले जाणार. बसून बसून पायांना मुंग्या आल्या, चित्त थाऱ्यावर राहीना.

शेवटी तिने तळ्यावरच्या बत्ताशी बदकिणीला गाठले. "अर्धा दिवस मी बसते, अर्धा दिवस तू बस. दाणेही अर्धे अर्धे."

"सकाळचं पोहणं काही माझ्याच्यानं सुटत नाही बाई," बत्ताशी म्हणाली. "दुपारनंतर चालेल?"

चालले. रेवडी सकाळी पिल्लांना खुराड्यात कोंडून येई. ऊन डोक्यावर आले की ती उठे आणि बत्ताशी लगेच बसे. उठणारी कानात सांगे, "कडेचं अंडं आतून टकटक करतंय हं, जपून." मग दुपारभर रेवडी पिल्लांमागे पंख पसरून धावे. घरट्याला गार वारा म्हणून लागला नाही.

पण एके दिवशी कारभारी बगळ्याला घरट्यात तांबड्या पिसाशेजारी पांढरे पीस सापडले. त्याने दोघींना राणीच्या दारात उभे केले.

"अर्ध्या दिवसाची कोंबडी म्हणजे अंड्यांना अर्धी ऊब!" तो कडाडला.

"ऊब पुरी मिळते, कारभारीसाहेब," रेवडी म्हणाली. "पाठ तेवढी अर्धी मोडते."

"उलट उत्तर नको. एकीने कायमचे बसावे, दुसरीने चालते व्हावे."

"तूच बस गं," बत्ताशी मान खाली घालून पुटपुटली. रेवडीच्या डोळ्यांपुढे घार आली. तिकडे अंडी उघडी पडली होती, आणि बगळ्याचे भाषण काही संपत नव्हते.

"निष्ठेचे वाटे होत नसतात, राणीसरकार. माझ्याकडेच पाहावे. पहाटेपासून या दारात उभा आहे. जागा सोडली नाही, बदली गडी मागितला नाही..."

राणी खरेच पाहत होती. बोलता बोलता बगळ्याने पोटाच्या पिसांत दडवलेला पाय खाली टेकला आणि अवघडलेला दुसरा अलगद वर ओढून घेतला.

दुपार झाली होती. लांडोरीने चोचीनेच बत्ताशीला घरट्याकडे पिटाळले.