निळ्या बटणाचा डोळा

फुटक्या कपाचा हत्ती होतो, मग गेलेली बहीण परत का येत नाही? मी आईला विचारलं, अंगणवाडीच्या बाईंना विचारलं.

माझी बहीण शेवंता आठ वर्षांची होती. आई भंगार निवडायची, म्हणून शेवूची खेळणी म्हणजे झाकणं, डबे आणि तुटक्या बांगड्या. गावाबाहेर नाथाआजोबांची बाग होती. तिथं आजोबांनी टाकाऊ वस्तूंचे प्राणी केले होते. चमचमती मासोळी, पत्र्याचं हरीण, कपबश्यांचा गुबगुबीत हत्ती.

"दादा, बघ की! कपाचाच कान लावलाय!" शेवू टाळ्या पिटायची.

आजोबांचं बघून तिनं बागेतच मोर करायला घेतला. अंगणवाडीतल्या पोरांसाठी. त्यांच्याकडं एकही खेळणं नव्हतं.

एका सकाळी हत्तीच्या पाठीवर इवलीशी परी बसली होती. पंख चॉकलेटच्या कागदांचे, सोनेरी, गुलाबी, जांभळे.

"शेवूबाळ, माग काय हवं ते. पण स्वतःसाठी नाही हं."

"मग माझा मोर नाचू दे. पोरं हसतील."

"दोन्ही डोळे लागले की नाचेल. फक्त सगळं टाकलेलंच लाव. धड वस्तू मोडायची नाही."

बांगड्यांचा पिसारा झाला, निळ्या बाटलीची मान झाली. एक डोळा राहिला. मला दम कुठला! मी नव्या शर्टाचं निळं बटण फाडकन तोडलं आणि चिकटवलं. ते टुणकन खाली पडलं.

"दादा, तू म्हणजे ना!" शेवू हसली. तिनं बटण शर्टाला पुन्हा शिवलं, वाकडंतिकडं. "शर्ट फाटला की लावू."

मग तिला ताप आला. ती गेली.

मी रोज तोच शर्ट घातला. पाठ विरली, बाह्या लोंबल्या. आई म्हणाली, "बाळा, आता टाक रे तो."

मी धावत बागेत गेलो. पोरं मोराभोवती बसली होती. पिसाऱ्यावर परी होती.

"माग," ती म्हणाली.

"शेवूला परत आण!"

"हे कुणासाठी मागतोस?"

मला रडू फुटलं. माझ्यासाठीच होतं ते.

"हा नाचत का नाही?" छोट्या बकुळीनं विचारलं.

मी शेवूचे टाके एकेक करून उसवले आणि बटण मोराला लावलं. "तिचा मोर नाचू दे."

परी हसली. तिचा हिरवा, निळा, सोनेरी उजेड झाला आणि बांगड्याबांगड्यांत विरून गेला. छुन छुन करत मोरानं पिसारा फुलवला. पोरं किंचाळत त्याच्याबरोबर गरगर फिरली. बकुळी तर पडली, तरी हसत होती.

संध्याकाळी पोरं घरी गेली. मोराला गार लागू नये म्हणून मी शर्ट त्याच्या अंगावर पांघरला, आणि उघडाच घरी आलो.