हळू चालणारा काळवीट

एका मोठ्या माळाच्या कडेला, वाळवीने पोखरलेल्या बाभळीच्या ढोलीत एक खार राहत असे. तिला एकच पिल्लू होतं आणि ते इतकं लहान होतं, की त्याला अजून धड धावताही येत नव्हतं. बाभूळ रोज थोडी थोडी करकरत होती. पावसाळ्याआधी माळ ओलांडून पलीकडच्या चिंचेवर जायलाच हवं होतं. पण माळ उघडा आणि वर ससाणा. पिल्लाला तोंडात धरून एवढं अंतर पळायचं म्हटलं, तर अर्ध्या वाटेतच दम संपला असता. खारीला झोप लागेना. लागलीच, तर पिल्लू पडल्याचं स्वप्न पडे, म्हणून ती आपली जागीच राही.

पलीकडे जायला एक म्हैस होती. ती रोज चिंचेजवळच्या डबक्यात डुंबायला जायची आणि ज्याला यायचं असेल त्याला पाठीवर घ्यायची.

"भाडं काय, मावशी?" खारीने विचारलं.

"माझ्या कानांतल्या गोचिडी काढून द्यायच्या. पोचल्यावर काढल्यास तरी चालेल. आणि तुझ्या त्या साठवलेल्या शेंगाही टाक पाठीवर, जागा पुष्कळ आहे."

"आणि पोचणार कधी?"

"पोचू की! मध्ये हिरवं गवत दिसलं की मी थांबते, ते आधीच सांगते बाई. नंतर कटकट नको."

गोचिडी! खारीने नाक मुरडलं. म्हशीची पाठ धुळीने माखलेली, केस राठ, शेपटीला वाळलेला चिखल. ह्याच्यावर आपलं बाळ बसवायचं? शेजारची उंदरीण तिच्या पोरांच्या लटांबरासकट म्हशीवरूनच जाणार होती. पण उंदरणीचं काय, ती कशावरही बसेल, असं खारीला वाटलं. असं वाटून घेणं बरं नव्हे हे तिलाही कळत होतं. तरी वाटलंच.

माळावर एक काळवीटही होता. अंग काळंभोर, तुळतुळीत. शिंगं अशी पिळदार, की बघतच राहावं. त्याच्या शिंगावर एक साळुंकी बसायची आणि त्याच्या वतीने तीच बोलायची.

"ताई, नुसतं बसून तर बघा! बसायला काय लागतं? उभ्या जागेवरून वारा व्हायला ह्याला एक श्वास पुरतो. ससाणा मान वळवेपर्यंत तुम्ही चिंचेखाली!"

"खरंच इतका पळतो?"

"पळतो," काळवीट म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता.

"आणि भाडं?"

"ढोलीतल्या शेंगा."

"किती?"

"सगळ्या."

खारीने ढोलीकडे वळून पाहिलं. त्या शेंगांवर त्यांचा पावसाळा निघायचा होता. साळुंकीने मान तिरकी केली. "स्वस्तातलंही मिळतं हो ताई. पण बाळाच्या बाबतीत कुणी तडजोड करतं का?"

मुलांनो, हे वाक्य फार हुशार आहे. ते कानांवर पडलं, की भल्याभल्या आयांना हिशेब येईनासा होतो. विश्वास नसेल तर घरी विचारून पाहा. फक्त कुठली आई लगेच कबूल करेल असं नाही. खारीने त्याच दिवशी ढोली रिकामी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे निघाले. "अगंबाई, काळवीट!" उंदरीण म्हशीवरून ओरडली. "मोठ्यांची गोष्टच वेगळी बाई!"

"बाळासाठी गं," खार म्हणाली. पण तिची शेपटी फुलली होती.

काळविटाने पहिली झेप घेतली मात्र, खार किंचाळली, "हळू! हळू! बाळ आहे!" त्या तुळतुळीत पाठीवर पिल्लाच्या नखांना धरायला काहीच नव्हतं. काळवीट चालू लागला.

"अजून हळू."

"ताई, ह्याहून हळू मला येत नाही."

"मग थांबत थांबत चाल. आणि तो खड्डा बघ. उडी नको, वळसा घे."

थोड्या वेळाने मागून धप धप आवाज आला आणि म्हैस शेजारून पुढे निघून गेली. उंदरणीची पोरं तिच्या राठ केसांना लोंबकळत झोके घेत होती. "काय गं," उंदरणीने काळजीने विचारलं, "बिघडला का?"

"छे गं! आम्हीच सावकाश निघालोय."

माळाच्या मधोमध एक सावली गवतावरून सरकली. ससाणा! काळविटाचे कान ताठ झाले. "ताई, आता तरी पळू? मी पळालो तर तो गाठू शकत नाही."

ह्याच क्षणासाठी तर खारीने ढोली रिकामी केली होती. 'पळ' म्हणायला तिने तोंड उघडलं आणि पिल्लाकडे पाहिलं. ते एका बाजूला घसरत चाललं होतं. त्याचे मागचे पाय हवेतच होते. काळवीट चिंचेखाली पोचेल, नक्की पोचेल. पण रिकामी पाठ घेऊन पोचेल.

तिने पिल्लू तोंडात धरलं, खाली उडी टाकली आणि गवतातून म्हशीच्या मागे धावत सुटली. "मावशी!" ती ओरडली, पण तोंड भरलेलं असल्यामुळे ते नुसतं "माऊऊ" असं ऐकू आलं. सुदैवाने म्हशीला तेवढ्यात हिरवं गवत दिसलं होतं. ती थांबली होती. खार तिच्या पायावरून सरसर चढली आणि कानामागच्या राठ केसांत घुसली. पिल्लाने चारही पायांनी केस घट्ट धरले. ससाणा खाली आला. म्हशीने शिंगं हलवली, तशी एक घिरटी घालून तो निघून गेला.

इतक्यात बाजूने काहीतरी काळं सण्णकन गेलं. पाठ मोकळी झालेला काळवीट! त्याचे पाय जमिनीला लागतात की नाही तेही कळत नव्हतं. खार मान लांब करून बघत राहिली. साळुंकीने वेगाबद्दल एक अक्षरही खोटं सांगितलं नव्हतं.

चिंचेखाली तो आधीच उभा होता. "मी पळायला तयार होतो, ताई."

"ठाऊक आहे रे. तुझं काही चुकलं नाही."

शेंगा मात्र परत मिळाल्या नाहीत. त्या त्याने निघण्याआधीच खाल्ल्या होत्या. आता नव्या शेंगा शोधायच्या, त्याही पावसाच्या आत. पण आधी भाडं द्यायचं होतं. म्हैस डबक्यात बसली आणि खार मुकाट्याने तिच्या कानांतल्या गोचिडी काढू लागली. पिल्लू केसांत झोपून गेलं होतं.

"पण काय गं," उंदरणीने हळूच विचारलं, "काळवीट कसा असतो बसायला?"

खारीने एक जाडजूड गोचीड ओढून काढली.

"छान असतो," ती म्हणाली. "पण फार हळू चालतो."

तात्पर्य : ज्या वेगाला वाटभर आपणच "हळू, हळू" म्हणणार आहोत, त्या वेगाचं भाडं भरू नये.